ब्रश जिथे पोचत नाही: दाताच्या दोऱ्याचं नेमकं काम काय?

ज्वारी हुरड्यात आली की मराठवाड्यात शेताशेतांत आगटी पेटते. गरम हुरडा, शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही असं पोटभर झालं की पुढचा बराच वेळ सगळ्यांचा दात कोरण्यात जातो. कुणी कडब्याची काडी मोडून घेतं, कुणी आगपेटीतली, तर बायका बांगडीला अडकवलेली पिन काढतात. तो पापुद्रा एकदाचा निघाला की जीभ निवांत होते आणि दातांचा विषय तिथेच संपतो.

टोचणारा कण आपण काढतो, कारण तो छळतो. त्याच फटीत साचणारा, न टोचणारा आणि न दिसणारा चिकट थर मात्र वर्षानुवर्षं तसाच राहतो. दाढा किडवण्याचं आणि हिरड्या सोडवण्याचं बरंचसं काम हा थर करतो. म्हणून दातांचे डॉक्टर ‘रोज फ्लॉस करा’ असं सांगतात. फ्लॉस म्हणजे दोन दातांमधून फिरवायचा बारीक दोरा. दुसरीकडे, ‘फ्लॉसचा काही उपयोग नाही, अमेरिकेनेच मान्य केलंय’ असंही वाचायला मिळतं. अशा वेळी सामान्य माणसाने कुणाचं ऐकायचं? दोन्ही बोलण्यांत थोडं थोडं तथ्य आहे, आणि ते समजून घेतलं तर निर्णय अवघड राहत नाही.

दाढेच्या पाच बाजू

आरशासमोर उभं राहून एका दाढेकडे नीट पाहा. तिला पाच बाजू असतात: गालाकडची, जिभेकडची, चावण्याची, आणि शेजारच्या दातांना लागून असलेल्या दोन. ब्रशचे केस पहिल्या तीन बाजूंवर चांगले फिरतात. जिथे दात दाताला टेकतो तिथे ते शिरूच शकत नाहीत. ब्रश वीस रुपयांचा असो की विजेवर चालणारा, ही अडचण सगळ्यांना सारखीच.

सोयाबीनच्या रानात कोळपं घातलं की दोन ओळींमधलं तण झटक्यात निघतं. पण ओळीच्या आत, झाडाच्या अगदी बुडाला चिकटून उगवलेलं तण कोळप्याला सापडत नाही. त्यासाठी खुरपं घेऊन खाली बसावं लागतं. कोळपणी झाली म्हणून कुणी खुरपणी टाळत नाही, आणि खुरपणी करतो म्हणून कोळपणीही सोडत नाही. ब्रश आणि दोरा यांचं नातं नेमकं असंच आहे.

दोन दाढांमध्ये लागलेल्या कीडीचं एक्स-रेवरचं रूप ठरलेलं असतं. दाढा एकमेकींना टेकतात त्या जागेपासून किंचित हिरडीकडे सरकून एक लहान, काळसर, त्रिकोणी सावली दिसते. वरून पाहिलं तर दाढ धडधाकट असते. ‘मी दोन वेळा ब्रश करतो, मग कीड लागली कशी?’ हा प्रश्न अशा वेळी हमखास येतो, आणि तो अगदी प्रामाणिक असतो. विचारणाऱ्याने ब्रश केलेलाच असतो. कीड लागते ती ब्रश न पोचलेल्या बाजूला.

तो चिकट थर असतो कशाचा?

डॉक्टर त्याला प्लाक म्हणतात. तो जिवाणूंचा, त्यांनीच बनवलेल्या चिकट पदार्थात रुतून बसलेला, मऊ पांढुरका थर असतो. स्वच्छ दातावरही तो काही तासांत पुन्हा बसू लागतो. चूळ भरून तो जात नाही. त्याला घासूनच काढावं लागतं.

हा थर दोन वेगळी नुकसानं करतो. पहिलं दाताचं. त्यातले काही जिवाणू, विशेषतः स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स, आपण खाल्लेल्या साखरेपासून आम्ल तयार करतात. तोंडातला सामू, म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा (तो जितका कमी तितकं आम्ल जास्त), साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताचं वरचं कठीण आवरण, म्हणजे इनॅमल, विरघळू लागतं. लाळ हे आम्ल हळूहळू शमवते आणि गेलेली खनिजं थोडीफार परत आणते. पण दोन दातांच्या मधल्या, थराने बुजलेल्या जागेत लाळेचा शिरकाव कमी होतो. त्यामुळे तिथली दुरुस्ती मागे पडते.

दुसरं नुकसान हिरडीचं. थर हिरडीच्या कडेला राहिला की ती सुजते, लाल होते, हात लावताच रक्त येतं. इथपर्यंत सगळं परत पूर्ववत होऊ शकतं. १९६५ साली डेन्मार्कमधल्या आर्हुस इथे हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे अगदी साध्या पद्धतीने दाखवलं. निरोगी हिरड्यांच्या बारा जणांना त्यांनी दात घासणं बंद करायला सांगितलं. दहा ते एकवीस दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. दात पुन्हा घासायला लागल्यावर थोड्याच दिवसांत त्या बऱ्या झाल्या. हिरडीचा आजार वयामुळे किंवा ‘उष्णतेमुळे’ होतो अशी समजूत आपल्याकडे आजही आहे. त्यापुढे हा प्रयोग ठेवण्यासारखा आहे.

सूज तशीच राहिली तर पुढची पायरी येते. हिरडी दातापासून सुटते, मध्ये खोबण तयार होते, आणि दाताला धरून ठेवणारं हाड झिजायला लागतं. यालाच आपण पायरिया म्हणतो. झिजलेलं हाड आपोआप भरून येत नाही. शिवाय साचलेल्या थरात लाळेतले क्षार बसले की त्याचं कठीण कीटण होतं, आणि कीटण ब्रशने निघत नाही, दोऱ्यानेही नाही. ते डॉक्टरांकडूनच काढून घ्यावं लागतं. दोऱ्याचं काम त्याच्या आधीचं आहे: थर मऊ असतानाच रोज मोडायचा.

‘पण उपयोग नाही असं सिद्ध झालंय ना?’

हा आक्षेप हवेतला नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेने बातमी दिली की फ्लॉसच्या फायद्यांचा भक्कम पुरावा उपलब्ध नाही, आणि सरकारी आहार-मार्गदर्शिकेच्या नव्या आवृत्तीतून फ्लॉसचा उल्लेखही गळला आहे. ती बातमी जगभर पोचली आणि तिचं ‘फ्लॉस निरुपयोगी’ असं सोपं रूप लोकांच्या लक्षात राहिलं.

पुरावा कमी असणं आणि उपयोग नसल्याचं सिद्ध होणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फ्लॉसवर झालेल्या चाचण्या बहुतेक लहान आणि थोड्या काळाच्या होत्या. दोन दातांमधली कीड दिसण्याइतकी वाढायला वर्षं लागू शकतात. काही आठवड्यांच्या किंवा महिन्यांच्या चाचणीत ती कशी सापडणार? आणि घरी कोण खरंच रोज दोरा लावतं, लावला तर नीट लावतं का, हे तपासणंही अवघड.

उपचारांचा पुरावा चाळून पाहणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१९ मध्ये अशा ३५ चाचण्या एकत्र तपासल्या. निष्कर्ष मोजक्या शब्दांत सांगायचा तर असा: ब्रशच्या जोडीला दोरा वापरल्याने हिरड्यांची सूज नुसत्या ब्रशपेक्षा कमी होऊ शकते. दातांच्या फटीत घालायच्या बारीक ब्रशचा फायदा दोऱ्याहूनही थोडा जास्त असू शकतो. पुराव्याची खात्री मात्र कमी दर्जाची आहे. कीड थांबते का, याचं पक्कं उत्तर तिथे मिळत नाही.

कीडीबद्दल एक जुनी माहिती बोलकी आहे. २००६ मध्ये आधीच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यातल्या काही अभ्यासांत, शाळेच्या प्रत्येक दिवशी प्रशिक्षित व्यक्तीने मुलांच्या दातांना दोरा लावला होता, सुमारे पावणेदोन वर्षं. त्या मुलांमध्ये दातांच्या मधल्या कीडीचा धोका ४० टक्क्यांनी घटला. किशोरवयीन मुलांनी स्वतःच्या हाताने दोरा लावला तेव्हा मात्र फरक दिसला नाही. माझ्या मते या सगळ्या वादातली सर्वांत उपयोगी गोष्ट हीच आहे. दोरा तोच, दात तसेच, फरक लावणाऱ्या हाताचा. वरून घुसवून तसाच वर ओढला तर अडकलेला कण निघतो, पण दाताला चिकटलेला थर जागेवरच राहतो.

तेव्हा तुम्हाला कुणी सांगितलं की दोऱ्याने कीड लागणारच नाही, तर ते बोलणं पुराव्याच्या पुढचं आहे. आणि कुणी सांगितलं की दोरा म्हणजे नुसतं थोतांड, तर तेही खरं नाही. हिरड्यांसाठी तो उपयोगी आहे, नीट लावला तर कीडीलाही आळा बसण्याची शक्यता आहे, आणि नीट वापरला तर तोटा नाही.

लावायचा कसा

साधारण ४५ सेंटिमीटर दोरा तोडा. जुन्या मापात एक हात, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत. बराचसा भाग एका हाताच्या मधल्या बोटाला गुंडाळा, थोडासा दुसऱ्या हाताच्या मधल्या बोटाला. आता अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत बोटाच्या एका पेराएवढाच दोरा ताणून धरा. लांब धरला की तो सैल पडतो आणि हाताबाहेर जातो.

दोन दात टेकतात तिथून दोरा करवतीसारखा हलक्या हाताने मागे-पुढे करत आत न्या. जोर लावून खाली दाबू नका; तो एकदम ‘टच्च’ करून उतरला की हिरडीला कापतो. आत गेल्यावर तो एका दाताला मिठी मारल्यासारखा वळवा, हिरडीच्या कडेखाली अलगद सरकवा आणि त्या दातावरून वर-खाली चार-पाच वेळा घासा. मग मधला हिरडीचा टोकदार भाग ओलांडून शेजारच्या दाताला तसंच. म्हणजे एका फटीत दोन कामं. पुढच्या फटीसाठी बोटावरून दोऱ्याचा कोरा भाग सोडा. शेवटच्या दाढेची मागची बाजू विसरू नका; तिला शेजारी नसला तरी तिथे ब्रश क्वचितच पोचतो.

पहिल्यांदा दोरा बाहेर काढल्यावर तो जवळ धरून पाहा. त्यावर पिवळसर-पांढरा, ओला, मऊ लगदा दिसेल. मागच्या दोन दाढांमधून काढलेल्या दोऱ्याचा वासही घ्या. तो घाण येतो, कारण त्या जागेतले जिवाणू अन्नातल्या आणि लाळेतल्या प्रथिनांपासून गंधकाचे वायू तयार करतात. तोंडाला वास येतो म्हणून बडीशेप आणि वेलदोडा चघळणाऱ्यांनी एकदा हे करून पाहावंच.

वेळ कोणती? दिवसातून एकदा पुरे, आणि रात्री झोपण्याआधी उत्तम, कारण झोपेत लाळ कमी सुटते. आधी दोरा की आधी ब्रश? २०१८ मध्ये इराणमधल्या मशहद इथे २५ विद्यार्थ्यांवर झालेल्या एका लहान अभ्यासात आधी दोरा आणि मग ब्रश केल्यावर दातांच्या मधला थर जास्त निघाला. अभ्यास लहान आहे, पण क्रम तसा ठेवायला खर्च काहीच नाही.

रक्त येतं म्हणून सोडून द्यायचा का?

बहुतेक लोक दोरा इथेच सोडतात. पहिल्या दिवशी रक्त दिसतं, माणूस घाबरतो, डबी कपाटात जाते. पण निरोगी हिरडी हलक्या हाताने लावलेल्या दोऱ्याने रक्ताळत नाही. रक्त येतं ते आधीपासून असलेल्या सुजेमुळे. रोज नीट लावत राहिलात तर आठवड्या-दोन आठवड्यांत ते सहसा थांबतं. त्यानंतरही येत असेल, तर बहुधा आत कीटण आहे किंवा खोबण झाली आहे, डॉक्टरांना दाखवा. गरोदरपणात शरीरातल्या बदलांमुळे हिरड्या जास्त सुजतात, तेव्हा तर सफाई सोडायचीच नाही. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या सुरू असतील तर आधी विचारून घ्या.

फटी वाढतात, ही भीती

दोरा दातांना सरकवत नाही. दात टेकलेले असले तरी त्यांना किंचित हलण्याइतकी जागा मुळातच असते, म्हणूनच दोरा आत जातो आणि बाहेर येतो. फट पडलेली दिसते ती दोन कारणांनी: सुजलेली हिरडी ओसरली की आधी झाकलेली जागा उघडी पडते, किंवा कीटण निघाल्यावर त्याने भरलेली जागा मोकळी होते. ‘दात साफ करून घेतले आणि दात हलायला लागले’ ही तक्रारही बहुधा अशीच असते. हाड आधीच झिजलेलं असतं, कीटणाच्या आधाराने दात घट्ट वाटत असतात. हे ऐकायला कुणाला आवडत नाही, पण कीटण ठेवून दात वाचत नाही.

काडी, पिन, चूळ आणि शिवणाचा दोरा

पिन तोंडात घालू नका, एवढंच. काडी अडकलेला कण काढते, पण दाताच्या बाजूवर सपाट फिरत नाही आणि हिरडीला टोचून जखम करते. चूळ चांगली सवय आहे, जेवणानंतर भरावीच. थर मात्र तिने निघत नाही. शिवणाचा दोरा गोल पिळाचा असतो, तुटून मध्येच अडकतो आणि हिरडी कापतो. पूर्वी रेशमाचे दोरे वापरायचे. १८१९ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या लेवी स्पिअर पार्मली या दंतवैद्याने मेण लावलेला रेशमी दोरा सुचवला होता, म्हणजे ही कल्पना दोनशे वर्षांहून जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रेशमाची जागा नायलॉनने घेतली. आज मेडिकलमध्ये मिळणारी पन्नास मीटरची डबी रोज एक हात वापरली तर साडेतीन महिन्यांहून जास्त पुरते. एका रूट कॅनालचा खर्च हजारांत जातो, त्यापुढे या डबीची किंमत किरकोळ आहे.

पाण्याच्या धारेवर चालणारी यंत्रंही आता मिळतात. बोटं न वळणाऱ्यांना, दातांना तार बसवलेल्या मुलांना ती सोयीची आहेत. पण त्यांना वीज लागते आणि पाणीही. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावात साधा दोराच परवडतो.

चाळिशी ओलांडलेल्यांच्या, किंवा हिरड्या खाली गेलेल्यांच्या दातांमध्ये बऱ्याचदा रुंद त्रिकोणी जागा पडलेली असते. तिथे दोरा सैल फिरतो. त्यांनी बाटली धुवायच्या ब्रशच्या आकाराचा, पण अगदी बारीक असा फटीतला ब्रश घ्यावा. तो वेगवेगळ्या मापांत मिळतो. कुठल्या फटीला कुठलं माप, हे पहिल्यांदा डॉक्टरांकडून समजून घेतलेलं बरं.

‘आमच्या आजोबांनी कधी दोरा पाहिला नाही’

खरं आहे. पण आजोबांच्या ताटात भाकरी-भाजी होती आणि गोड सणावारी. दिवसातून पाच वेळा साखरेचा चहा, बिस्किटं, कोल्ड्रिंक हे नंतर आलं. शिवाय साठीत बोळकं झालेले, कवळी लावणारे आजोबाही गावोगाव होतेच. त्यांची आठवण या युक्तिवादात कुणी काढत नाही. लिंबाच्या काडीचं दातण दाताच्या बाहेरच्या बाजू चांगल्या घासतं, तिच्यावर माझा आक्षेप नाही. पण तीही दातांच्या मध्ये जात नाही.

मिश्रीबद्दल मात्र गप्प बसता येत नाही. आपल्याकडे कितीतरी बायामाणसं भाजलेल्या तंबाखूची मिश्री ‘दात साफ राहतात’ म्हणून लावतात. ती तंबाखूच आहे. जिथे ती रोज घासली किंवा धरली जाते तिथली हिरडी खाली सरकते, मुळं उघडी पडतात, आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, तरी सुपारीमुळे तोंड आखडलेली तरुण मुलं आजही दिसतात. स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात जात नसतील तर दोऱ्याचा विचार नंतर, आधी तपासणी. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी आणखी एक लक्षात घ्यावं: धुरामुळे हिरडीतलं रक्त कमी दिसतं, त्यामुळे आजार आतून वाढत असूनही रक्त येत नाही.

नांदेडसारख्या जिल्ह्यांच्या काही भागांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असतं आणि मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात. ते डाग दात घडत असतानाच आतून पडलेले असतात. कितीही घासा, दोरा लावा, ते जाणार नाहीत. पण अशा दातांनाही कीड लागते, हिरडीही सुजते, म्हणून सफाई त्यांनाही तेवढीच हवी.

शुगर असेल तर

भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आला. मधुमेह आणि पायरिया एकमेकांना वाढवतात. साखर ताब्यात नसली की हिरड्या लवकर बिघडतात, आणि हिरड्यांतली जुनी सूज साखर ताब्यात येऊ देत नाही. पायरियावर नीट उपचार केल्यावर तीन-चार महिन्यांनी एचबीए१सी, म्हणजे मागच्या तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी, सुमारे ०.४ ने कमी झालेली दिसली आहे. हा फायदा डॉक्टरांनी केलेल्या उपचाराचा आहे, नुसत्या दोऱ्याचा नाही. तो फायदा टिकवायचं काम घरच्या सफाईकडे येतं. हृदयविकाराशीही हिरड्यांच्या आजाराचा संबंध आढळतो, पण एकामुळेच दुसरा होतो असं सिद्ध झालेलं नाही. ‘फ्लॉस करा, हार्ट अटॅक टाळा’ असं म्हणणाऱ्या जाहिरातीवर विश्वास ठेवू नका.

लहान मुलांसाठी

दोन दुधाचे दात एकमेकांना टेकले की दोरा सुरू करता येतो. दुधाच्या दाढांमधली कीड अगदी सर्रास आढळते, आणि ‘पडणारच आहेत’ म्हणून ती सोडली जाते. त्यातल्या मागच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. मुलाला स्वतःला दोरा जमायला आठ-दहा वर्षं लागतात, तोवर आई-वडिलांनी लावायचा. मुलाचं डोकं मांडीवर घेऊन, वरून तोंडात पाहत लावलं की सोपं जातं. दांडीला ताणलेला दोरा मिळतो, तो मुलांसाठी चालतो.

दोरा अडकला किंवा फाटला तर

काही दिवस सवय झाली की तुम्हाला प्रत्येक फटीची ओळख होते. कुठे दोरा सहज उतरतो, कुठे घट्ट जातो. एकाच जागी तो रोज उसवत असेल, तंतू सुटत असतील, तर तिथे कीडीची धार, जुन्या सिमेंटची खडबडीत कड किंवा कीटण असण्याची शक्यता आहे. एकाच जागी रोज अन्न अडकत असेल, तर दोन दाढांचा टेकू सुटलेला असू शकतो. छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे, लातूर आणि नांदेडकडेही दंत महाविद्यालयं आहेत. जवळच्या डॉक्टरांकडे गेलात तरी चालेल. दाढ दुखायची वाट पाहू नका. ‘उजवीकडे, खाली, शेवटून दुसऱ्या आणि तिसऱ्या दाढेच्या मध्ये दोरा फाटतो’ असं नेमकं सांगा, आणि त्या फटीचा एक्स-रे काढून घ्या.